विश्लेषण : तारा निघाल्या, दात सरळ झाले, पण पांढरे डाग कुठून आले? ब्रेसेस लावल्यावर दात कसे सांभाळायचे?

दीड-दोन वर्षांनी दातांवरच्या तारा निघतात. दात एका ओळीत आलेले असतात. पण आरशात नीट पाहिले तर काही जणांच्या दातांवर एक छोटी चौकट दिसते. ब्रॅकेट चिकटवलेला होता तेवढा भाग नितळ आणि त्याच्या कडेने खडूसारखा पांढरा पट्टा. हे सिमेंट राहिलेले नसते आणि ते घासून जातही नाही. दाताच्या वरच्या कठीण आवरणातून, म्हणजे एनॅमलमधून खनिजे निघून गेल्याची ती खूण असते. किडीची सुरुवात अशीच होते.

ऑर्थोडॉन्टिक उपचारांत वारंवार आढळणाऱ्या दुष्परिणामांपैकी हा एक आहे आणि तो बहुतांशी टाळता येतो. वार्षिक परीक्षा संपली की मे महिन्याच्या सुट्टीत ‘तारा लावून घेऊ’ असा बेत अनेक घरांत ठरतो. कोणता डॉक्टर, किती पैसे, किती महिने याची चौकशी होते. तारा लावल्यानंतर घरी काय करायचे, याची चौकशी मात्र क्वचित होते.

दात सरकतो म्हणजे नेमके काय होते?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. त्याची जाडी साधारण ०.२ मिलिमीटर. आपण घास चावतो तेव्हा हा थर गादीसारखा धक्का झेलतो. दातावर एका बाजूने हलका पण सततचा दाब दिला, की ज्या बाजूला थर दाबला जातो तिथले हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि ज्या बाजूला तो ताणला जातो तिथे नवे हाड तयार करणाऱ्या पेशी. पुढचे हाड हटते, मागचे भरत जाते आणि दात आपल्या जागेसह पुढे सरकतो. हा वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. उपचाराला दीड-दोन वर्षे लागतात ती म्हणूनच. या काळात दात किंचित हलतात, त्याने घाबरून जाण्याचे कारण नसते.

‘डॉक्टर, या वेळी जरा जास्त घट्ट करा, म्हणजे लवकर संपेल’ ही मागणी दवाखान्यांत नेहमीची आहे. प्रत्यक्षात उलटे होते. दाब फार वाढला तर त्या थरातला रक्तपुरवठाच तुटतो, पेशी मरतात आणि दात काही काळ जागचा हलत नाही. दुखते जास्त आणि दाताचे मूळ झिजण्याचा धोकाही वाढतो. एखादा दात तिरका करण्यासाठी लागणारे बल ३५ ते ६० ग्रॅम वजनाइतके असते. पन्नासेक ग्रॅम म्हणजे एका अंड्याचे वजन.

एवढा हलका दाब आठवडेच्या आठवडे कसा टिकतो?

हे काम तारेचे आणि इथे गोष्ट थेट धातुशास्त्रात जाते. पोलादी तार वाकवून दाताला अडकवली तर पहिल्या दिवशी ती खूप जोर लावते आणि दात थोडा सरकला की तिचा जोर झपाट्याने उतरतो. हवे असते नेमके उलट, कमी जोर आणि तो बराच काळ एकसारखा. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या टोकासाठी धातू शोधत असताना निकेल आणि टायटॅनियमचा एक मिश्रधातू हाती लागला. निकेल, टायटॅनियम आणि ‘नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरी’ यांची आद्याक्षरे जोडून त्याला ‘निटिनॉल’ हे नाव मिळाले. १९७०च्या दशकात आयोवा विद्यापीठातले जॉर्ज अँड्रिसन यांनी तो दातांसाठी वापरात आणला. ही तार वाकड्या दातांत ओवली तरी मोडत नाही, आपला मूळ कमानीचा आकार विसरत नाही आणि हळूहळू त्या आकारात परत येताना दातांनाही सोबत ओढते.

पुढे तोंडाच्या तापमानाला जाग्या होणाऱ्या तारा आल्या. थंड असताना मऊ, शरीराच्या उबेत ताठ. अशी तार असलेल्याने गार पाणी प्यायले तर दुखणे काही वेळ हलके होते आणि गरम चहाने ओढ वाढल्यासारखी वाटते, त्यामागे हेच आहे. सुरुवातीला ०.०१४ इंच म्हणजे साडेतीन दशांश मिलिमीटरच्या आसपास जाडीची गोल तार असते. शेवटी ब्रॅकेटच्या खाचेत घट्ट बसणारी चौकोनी. गोल तार दात ओळीत आणते; मुळाचा कोन बदलायचा तर खाचेला पीळ देणारी चौकोनी तारच लागते. दात सात-आठ महिन्यांत सरळ ‘दिसू’ लागतात आणि तरीही डॉक्टर तारा काढत नाहीत, ते मुळांचे काम बाकी असते म्हणून. नेमक्या याच टप्प्यावर कंटाळून अनेक जण येणे बंद करतात.

ब्रॅकेट दातावर चिकटतो त्याचे श्रेय मायकेल ब्युओनोकोर यांना. दाताच्या पृष्ठभागावर फॉस्फोरिक आम्ल लावून तो किंचित खरखरीत केला तर त्यावर प्लास्टिकसारखा पदार्थ घट्ट धरतो, हे त्यांनी १९५५ मध्ये दाखवले. त्याआधी प्रत्येक दाताला धातूचे कडे घालावे लागे.

कोणत्या वयात दाखवावे?

तारा साधारण ११ ते १४ या वयात लावल्या जातात, कारण तोवर बहुतेक कायमचे दात आलेले असतात. पण दाखवायला सातव्या वर्षीच न्यावे, असे अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स सांगते. सातव्या वर्षी तारा लावा, असा त्याचा अर्थ नाही. खालचा जबडा मागे राहिला असेल, वरचा अरुंद असेल, अंगठा चोखण्याची किंवा तोंडाने श्वास घेण्याची सवय असेल तर वाढीच्या वयातच त्यावर काही करता येते. वाढ थांबल्यावर तेच काम शस्त्रक्रियेवर जाते.

दुधाचे दात ‘पडणारच आहेत’ म्हणून किडू देणे ही आपल्याकडची जुनी सवय. दुधाची दाढ खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा धरून ठेवते. ती दोन-तीन वर्षे आधी काढावी लागली की शेजारची दाढ पुढे सरकते आणि खालच्याला जागा उरत नाही. मग तो वेडावाकडा येतो किंवा हाडातच अडकतो. पुढे तारांवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग इथे वाचू शकतो.

मोठ्यांनाही तारा लावता येतात, चाळिशीतही. त्यांच्याबाबत अट एकच. हिरड्यांचा आजार असेल तर आधी तो आटोक्यात आणायचा. सुजलेल्या हिरड्यांत दात सरकवले तर उरलेले हाडही जाते.

वरचे दात काढले तर डोळ्यांवर परिणाम होतो का?

नाही. दाताच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या आहेत, दात काढल्याने नजर कमी होत नाही. जबडा लहान आणि दात मोठे असतील तर जागा करण्यासाठी चार उपदाढा काढाव्या लागतात, सगळ्यांच्याच नव्हे. काढायच्या की नाही हे एक्स-रे आणि दातांच्या साच्यांवरून मोजमाप करून ठरते. ‘एकही दात न काढता करून देतो’ ही जाहिरात प्रत्येक तोंडाला लागू पडू शकत नाही.

धातूच्या तारा, सिरॅमिक की अलाइनर?

धातूचे ब्रॅकेट सर्वांत स्वस्त आणि दणकट. सिरॅमिकचे दिसत नाहीत, पण ठिसूळ असतात. अलाइनर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे साचे; दर एक-दोन आठवड्यांनी पुढचा घालायचा आणि प्रत्येक साच्याने दात साधारण पाव मिलिमीटर सरकवायचा. अमेरिकेत १९९७ मध्ये स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजीने तो ‘इनव्हिजलाइन’ या नावाने बाजारात आणला. साफसफाईला ते सोपे, कारण काढता येतात. अडचणही तीच. दिवसाचे २० ते २२ तास तोंडात राहिले नाहीत तर दात सरकत नाहीत. शाळकरी मुलाच्या हाती ही शिस्त सोपवायची का, हा निर्णय पालकांनी मुलाकडे पाहून घ्यावा, जाहिरातीकडे पाहून नव्हे.

घरबसल्या दातांचा साचा घेऊन टपालाने अलाइनर पाठवणारा व्यवसायही मधल्या काळात फोफावला. त्यातली अमेरिकेतील सर्वांत गाजलेली कंपनी स्माइल डायरेक्ट क्लब डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि उपचार अर्धवट असलेले ग्राहक वाऱ्यावर राहिले. हिरड्या, मुळे आणि हाड न पाहता दात सरकवणे धोक्याचे आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

पांढरे डाग पडू नयेत म्हणून दात कसे घासायचे?

ब्रॅकेट आला की दातावर कडा, खाचा आणि आडोसे तयार होतात. जीभ आणि लाळ यांनी एरवी आपोआप होणारी सफाई तिथे पोहोचत नाही. अन्नाचा आणि जिवाणूंचा चिकट थर ब्रॅकेट आणि हिरडी यांच्या मधल्या पट्ट्यात साचतो. जिवाणू साखरेचे आम्ल करतात आणि आम्लता ५.५ पीएचच्या खाली गेली की एनॅमलमधले कॅल्शियम निघू लागते. थर तसाच राहिला तर अवघ्या चार आठवड्यांतही पांढरा डाग दिसू शकतो. तार बदलायला डॉक्टर बोलावतात ते चार ते सहा आठवड्यांनी. म्हणजे दोन भेटींच्या मधल्या काळात डागाची सुरुवात होऊन जाते. डॉक्टरांच्या हातात तेव्हा फारसे काही नसते.

त्यामुळे घासण्याची पद्धत बदलावी लागते. मऊ ब्रश घ्या. आधी ब्रश तिरका धरून ब्रॅकेटच्या वरची कड, मग खालून तिरका धरून खालची कड, मग चावण्याची बाजू आणि आतली बाजू. हिरडीलगतचा पट्टा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक राहून जाणाराही तोच. तारेच्या खाली आणि दोन ब्रॅकेटच्या मध्ये छोटा, बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा इंटरडेंटल ब्रश फिरवा. मेडिकलच्या दुकानात तो सहज मिळतो. फ्लॉसचा दोरा तारेखालून ओवण्यासाठी प्लास्टिकची सुईही मिळते. पाण्याच्या फवाऱ्याचे यंत्र चांगले, पण ते ब्रशला पर्याय नाही. रात्री झोपण्यापूर्वीच्या घासण्याला पाच मिनिटे तरी द्या. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे रात्री राहिलेला थर सर्वांत जास्त नुकसान करतो. आरशात पाहताना ब्रॅकेटच्या कडा चमकल्या पाहिजेत. त्या धूसर दिसल्या तर काम झालेले नाही.

पेस्ट घेताना वेष्टनावर फ्लोराइडचा उल्लेख पाहा, १००० पीपीएमच्या आसपास. बऱ्याच आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्ट आणि दंतमंजनांत फ्लोराइड नसते. एरवी ते चालून गेले असते, तारांच्या काळात चालत नाही. घासल्यावर फेस थुंकून टाका, पण पाच-सहा चुळा भरून सगळे फ्लोराइड धुऊन टाकू नका. मिश्री लावण्याची सवय असलेल्यांनी ती सोडलीच पाहिजे. तंबाखूने हिरड्या खराब होतात आणि मुळात ती कर्करोगाची वाट आहे.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथे लहानपणापासून तेच पाणी प्यायलेल्या मुलांच्या दातांवर आधीच पांढरे-तपकिरी डाग असू शकतात. ते तारांमुळे आलेले नसतात. तारा लावण्याआधीच दातांचे फोटो काढून घ्यावेत म्हणजे नंतर वाद राहत नाही. अशा दातांवर ब्रॅकेट कधी कधी नीट धरतही नाही, त्यामुळे डॉक्टरांना पाणी कुठले प्यायलो हे सांगावे.

काय खायचे, काय नाही?

पहिले तीन-चार दिवस दात दुखतात, घास चावत नाही. मऊ भात-वरण, मेतकूट-भात, उपमा, इडली, शिरा, ताक यावर निभते. भाकरी सोडायची गरज नाही, आमटीत कुस्करून खायची. फार दुखले तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावी. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या वारंवार घेतल्याने दात सरकण्याची प्रक्रिया मंदावू शकते, म्हणून अनेक ऑर्थोडॉन्टिस्ट त्या टाळायला सांगतात.

नंतरची यादी दोन भागांत आहे. एक, ब्रॅकेट उखडणारे. चिक्की, ऊस, कडक बुंदीचा लाडू, भाजलेले चणे-फुटाणे, सुपारी, बर्फ, कणीस दातांनी ओरबाडणे, अख्खा पेरू किंवा कैरी पुढच्या दातांनी तोडणे. पेरू सोडायचा नाही, सुरीने फोडी करून दाढेने खायचा. मक्याचे दाणे सोलून घ्यायचे. संक्रांतीचा तिळगूळ मऊ वडीचा असेल तर चालेल, कडक वडी नको. दिवाळीत चकलीचा मोह आवरत नसेल तर ती बोटांनी मोडून, छोटा तुकडा. पेनाचे टोपण आणि नखे चावण्याची सवय असेल तर फराळापेक्षा तिनेच जास्त ब्रॅकेट निघतात.

दोन, चिकटून राहणारे आणि गोड. टॉफी, च्युइंगगम, बिस्किटांचा लगदा, वेफर्स. शीतपेयांत साखर आणि आम्ल दोन्ही असते. इथे किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे मोजायचे. प्रत्येक वेळी काही गोड खाल्ले की तोंडातली आम्लता मूळपदावर यायला अर्धा तास तरी जातो. शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत तासातासाने काही ना काही तोंडात टाकणाऱ्या मुलाचे दात जवळपास सतत आम्लात असतात. लाडू खायचाच तर जेवणाबरोबर खाऊन मोकळे व्हावे.

आणि हळद. पारदर्शक ब्रॅकेटवरच्या छोट्या रबरी रिंगा बटाट्याच्या भाजीच्या एकाच जेवणात पिवळ्या पडतात. दातांना काही झालेले नसते, पुढच्या भेटीत रिंगा बदलतात. लग्नसमारंभ जवळ असेल तर राखाडी किंवा गडद रंगाच्या रिंगा मागाव्यात.

तार टोचली किंवा ब्रॅकेट निघाले तर?

तार गालाला टोचत असेल तर ऑर्थोडॉन्टिक मेणाचा छोटा गोळा करून टोकावर दाबून बसवा. हे मेण पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून मागून घ्यावे. मेणबत्तीचे मेण वापरू नये. तोंडात व्रण झाले तर कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या. ब्रॅकेट सुटून तारेवर फिरत असेल तर दवाखान्यात फोन करून दोन-चार दिवसांत वेळ घ्या. पुढच्या महिन्याच्या भेटीपर्यंत थांबले तर तो दात उलट्या दिशेने परतू लागतो. सुटलेला तुकडा गिळला गेला तर बहुतेक वेळा तो शौचावाटे निघून जातो. मात्र खोकला थांबत नसेल, श्वास घ्यायला त्रास होत असेल तर तो श्वासनलिकेत गेल्याची शक्यता असते आणि तेव्हा थेट रुग्णालय गाठावे लागते. क्रिकेट, कबड्डी, कराटे खेळणाऱ्यांनी तारांवर बसेल असा माउथगार्ड वापरावा. एमआरआय करायची वेळ आली तर तोंडात तारा आहेत हे आधी सांगावे, कारण डोक्याच्या चित्रात धातूमुळे बिघाड येऊ शकतो.

खर्च किती आणि कोणाकडे जायचे?

बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तीन वर्षांचे एमडीएस केलेले डॉक्टर हे या कामाचे तज्ज्ञ. पाटीवर किंवा केसपेपरवर ही पदवी लिहिलेली असते आणि ती विचारण्यात संकोच नको. खासगी दवाखान्यात साध्या तारांचा खर्च तीस-चाळीस हजारांच्या घरात किंवा त्याहून वर जातो, अलाइनरचा लाखापुढेही. सर्वसाधारण आरोग्य विम्यात तो सहसा धरलेला नसतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय इथे खासगीपेक्षा बऱ्याच कमी पैशांत उपचार होतात. पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, खेपा घालाव्या लागतात.

पैसे ठरवताना चार गोष्टी विचारून घ्याव्यात. तुटलेल्या ब्रॅकेटचे पैसे वेगळे का, रिटेनर त्यात धरला आहे का, एक्स-रेचे काय, आणि मुलगा बारावीनंतर दुसऱ्या शहरात गेला तर कागदपत्रे देऊन उपचार पुढे सोपवले जातील का. शेवटचा प्रश्न नववी-दहावीत तारा लावणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा. अर्धवट सोडलेल्या तारा दातांवर तशाच राहणे हे तारा न लावण्यापेक्षा वाईट. दात अर्ध्या वाटेवर असतात, वर कीड.

तारा निघाल्या, आता काय?

दाताभोवतीचे हाड आणि हिरडीतले तंतू नव्या जागेला सरावायला वेळ घेतात. काही तंतूंना वर्षभर किंवा त्याहून जास्त लागते. तोवर ते ताणलेल्या रबरासारखे दाताला जुन्या जागी ओढत राहतात. म्हणून रिटेनर. आधी डॉक्टर सांगतील तितके महिने दिवसरात्र, नंतर रात्री आणि तेही वर्षानुवर्षे. पारदर्शक रिटेनर गरम पाण्यात धुतला तर वाकडा होतो, त्याला साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. हॉटेलात जेवताना तो कागदी रुमालात गुंडाळून ठेवू नका, सर्वाधिक रिटेनर ताटाबरोबर कचऱ्यात जातात. डबी जवळ ठेवा.

पांढरे डाग पडलेच असतील तर लगेच ब्लीचिंगच्या मागे लागू नये. फ्लोराइड आणि लाळेमुळे काही डाग पुढच्या महिन्यांत फिके होतात. उरलेल्यांवर विशिष्ट रेझिन मुरवण्याचा उपचार उपलब्ध आहे. डाग खरखरीत लागत असेल किंवा तपकिरी होत असेल तर मात्र वाट पाहू नये.

काही दिवस रिटेनर घालायचा राहिला आणि परत घालताना घट्ट लागला, पण पूर्ण बसला, तर त्या रात्रीपासून पुन्हा नियमित घालावा. बसतच नसेल तर जोर लावून दाबू नये. तो आणि दात दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जावे, शक्यतो त्याच आठवड्यात.